बंबात पाणी कोणी टाकायचे?

बंब हे पाणी तापवण्याचे, माणसे पारखण्याचे आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास घरात भांडण लावण्याचे साधन आहे. पहिल्या कामासाठी त्यात लाकडे घालावी लागतात. उरलेली दोन कामे मात्र त्यात काही न घातल्यानेच होतात, आणि न घालण्याची ती वस्तू म्हणजे पाणी.

बंबाची रचना सोपी असते. तांब्याचे उभे गोल भांडे, त्याच्या मधून आरपार गेलेले नळकांडे, नळकांड्याच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, वर झाकण, दोन बाजूंना दोन कान आणि बुडापासून चार बोटे वर एक पितळी तोटी. विस्तव मधल्या नळकांड्यात आणि पाणी त्याच्या भोवती. रशियातला आणि काश्मिरातला समोवार हे याच घराण्यातले. त्यांनी चहाचा धंदा पत्करला, बंबाने आंघोळीचा. समोवारातून माणूस कपभर घेतो आणि बंबातून बादलीभर, हे लक्षात घेतले तर दोघांच्या भोवती बसणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांतला फरक कळतो. घरगुती बंबात साधारण १५ ते ३० लिटर पाणी मावते. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी अशा कामासाठी प्रसिद्ध. नाशिकचा भांडी बाजारही नावाजलेला. खानदेशातल्या अमळनेरच्या जुन्या घरातला बंब मात्र कुठल्याच बाजारातून आलेला नसतो. तो आजीच्या माहेरून आलेला असतो, असे आजी सांगते. आजोबा हयात असल्यास ते यावर काही बोलत नाहीत.

बंब घराबाहेर ठेवतात, कारण तो धूर करतो. अंगणाच्या एका कोपऱ्यात बंब, दुसऱ्या कोपऱ्यात न्हाणीघर आणि तिसऱ्या कोपऱ्यात पाण्याचा ड्रम अशी मांडणी असते. पुढे जे काही घडते त्याचे मूळ या तीन कोपऱ्यांत आहे. डिसेंबर-जानेवारीत खानदेशात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा वेळी बनियनवर उभा असलेला माणूस भरलेली बादली घेऊन बंबापासून न्हाणीघराकडे धावत सुटतो. न्हाणीघराचे दार लागल्यावर तो पुन्हा ड्रमाकडे जाईल, तिथून पाणी घेऊन बंबाकडे येईल आणि झाकण उघडून ते ओतेल, अशी अपेक्षा करणारे लोक एकतर संत असतात किंवा त्यांची आंघोळ त्याच्या नंतर असते.

बंबाचा मोसम दिवाळी ते होळी. दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याला चिंच आणि मीठ लावून घासतात, अंगाला हळदकुंकवाची बोटे ओढतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात. वर्षातला एवढा एकच दिवस बंब काठोकाठ भरलेला असतो, कारण त्या दिवशी पाणी टाकणे हे काम नसून पूजा असते. होळीनंतर बंबाची गरज संपते. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी बिनलाकडाने बंबाचे काम करते. दुपारी नळ सोडला तर हात भाजतो. माणसे रात्रीच बादल्या भरून ठेवतात आणि सकाळपर्यंत पाणी निवण्याची वाट पाहतात. म्हणजे खानदेशात आंघोळीचे पाणी सहा महिने तापवावे लागते आणि सहा महिने निववावे लागते. जसे आहे तसे अंगावर घ्यावे असे पाणी बहुधा फक्त पाहुण्यांच्या गावाला असते.

इंधन म्हणून पऱ्हाटी सर्वांत सोयीची. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेत मोकळे करावेच लागते, आणि उपटलेल्या पऱ्हाट्यांचे भारे अंगणात येऊन पडतात. त्याशिवाय तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे, गोवऱ्या, बाभळीच्या काटक्या आणि मुलांच्या मागच्या वर्षीच्या वह्या. बंब पेटवण्याला घरात उमेदवारांची कमतरता नसते. कागद कोणता लावावा, काडी कुठून द्यावी, फुंकर वरून घालावी की खालून, यावर प्रत्येकाचे स्वतंत्र मत असते. पेटवण्यात कर्तृत्व दिसते. जाळ दिसतो, धूर दिसतो, शेजाऱ्यालाही दिसतो. पाणी टाकण्यात असे काहीच दिसत नाही. उलट झाकण लावले की केलेले कामही दिसेनासे होते. त्यामुळे बंब पेटवणारे घरोघरी चार चार सापडतात आणि पाणी टाकणारे माणूस एकच असते. ते बहुधा सून असते. सून नोकरीला जात असेल तर सासू, आणि दोघी घरी नसतील त्या दिवशी बंबात पाणी नसते.

पाणी टाकण्याचा नियम एका ओळीचा आहे: एक बादली काढली की एक बादली ओतायची. हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असतो आणि प्रत्येक जण तो दुसऱ्याला शिकवतो. त्यातला खरा पेच क्रमाचा आहे. थंड पाणी गरम पाण्यापेक्षा जड, म्हणून वरून ओतलेले थंड पाणी तळाकडे जाते. तोटी असते तळाजवळ. तेव्हा आधी ओतून मग काढणाऱ्या सज्जनाला स्वतःच ओतलेले थंड पाणी तोटीतून परत मिळते. हा अनुभव माणूस एकदाच घेतो. म्हणून शहाणपण असे ठरले की आधी काढावे, मग ओतावे. भौतिकशास्त्राने परवानगी दिल्यामुळे सगळे आधी काढतात. ओतण्याची वेळ येते तेव्हा माणूस न्हाणीघरात असतो, नंतर देवघरात, नंतर बस स्टँडवर.

या व्यवहाराचे गणित मांडता येते. समजा बंबात २० लिटर पाणी ७० अंशांवर आहे, जाळ विझत आला आहे आणि ड्रमातले पाणी १८ अंशांवर आहे. पहिल्याने १० लिटर काढले आणि इमाने इतबारे १० लिटर थंड ओतले, तर दुसऱ्याच्या वाट्याला ४४ अंशांचे पाणी येते. त्यानेही तसेच केले तर तिसऱ्याला ३१ अंश, आणि चौथ्याला साडेचोवीस. साडेचोवीस अंशांच्या पाण्याला गरम म्हणत नाहीत. ड्रमातल्या पाण्याशी त्याची जुनी ओळख लपत नाही. न टाकणाऱ्यांचा पक्ष या आकड्यांवरच उभा आहे. त्यांचे म्हणणे असे की, पाणी टाकले असते तर दुसऱ्याला ४४ अंशच मिळाले असते, न टाकल्याने त्यालाही ७० मिळाले. तिसऱ्याला काय मिळाले, हा प्रश्न तिसऱ्याने विचारावा. यावर उपाय म्हणून पाणी टाकणाऱ्याने सोबत चार पऱ्हाट्याही सरकवाव्यात, असे जाणते सांगतात. पण जो पाणी टाकत नाही तो पऱ्हाट्या सरकवील, हे मानायला आधार नाही.

आंघोळीचा क्रम घराच्या घटनेत ठरलेला असतो. पहिला मान आप्पांचा, कारण त्यांना पूजा करायची असते. त्यानंतर शाळेची मुले, कारण त्यांची रिक्षा दारात उभी असते. त्यानंतर कॉलेजचा मुलगा, कारण तो उठतोच तेव्हा. त्यानंतर नोकरीवाला, ज्याला भुसावळ-सुरत मार्गावरची गाडी गाठायची असते. सर्वांत शेवटी तिची पाळी, जिने पहाटे उठून बंब पेटवला, डोळ्यांत धूर घेतला आणि सगळ्यांना हाका मारल्या. तिच्या पाळीला पाणी असेल तर जाळ नसतो आणि जाळ असेल तर पाणी नसते. पाणी आणि जाळ दोन्ही असतील तर त्या दिवशी घरात कोणीतरी आजारी आहे, असे समजावे.

संवादही ठरलेले असतात. अमळनेरात ते बहुधा अहिराणीत होतात.

“आप्पा, आंग धोई ल्या, पानी तपी गयं.”

आप्पा आंघोळ करतात. आप्पांनी पाणी टाकले का, हे विचारायची पद्धत नाही. पुढचा येतो.

“बंबमा पानी शे का?”

“शे ना!”

“कोन टाकं?”

“कोन्ही तरी टाकंच व्हई.”

अमळनेरात गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि देशभरातले अभ्यासक वेदान्तासाठी इथे येऊ लागले. कर्म आहे पण कर्ता नाही, हा अवघड विचार या गावात घरोघरी रोज सकाळी सिद्ध होतो. पाणी संपते, ते कोणीही संपवलेले नसते. बादली भरते, ती कोणीही भरलेली नसते. गरम आणि गार हे द्वैत मिटले की जे उरते त्याला कोमट म्हणतात, आणि ते नेहमी शेवटच्याच्या वाट्याला येते. गावात १९५२ आणि २०२४ अशी दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. बंबात पाणी कोणी टाकायचे यावर परिसंवाद ठेवावा, असे कोणाला सुचल्याचे ऐकिवात नाही. सुचले असते तरी वक्ते आंघोळ करून आलेले असल्यामुळे चर्चा एकतर्फी झाली असती.

साने गुरुजी १९२४ पासून काही वर्षे अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांनी न केलेली कामे ते कोणाला न सांगता स्वतः करून ठेवत, अशी त्यांची आठवण गावात आजही सांगतात. कोणीतरी गुपचूप आपले काम करून ठेवावे, एवढा त्यातला भाग घरोघरच्या तरुणांनी मनापासून घेतला आहे. उरलेला भाग अभ्यासक्रमात पुढे केव्हातरी येईल अशी आशा आहे.

बंबात किती पाणी आहे हे ओळखण्याच्या चार पद्धती आहेत. पहिली, झाकण उघडून पाहणे. झाकणाची मूठ तापलेली असते, म्हणून ती धोतराच्या सोग्याने किंवा ओढणीने धरतात. झाकण उचलताच वाफेचा भपका तोंडावर येतो, चष्मा पांढरा होतो आणि पाहणारा दोन्ही हात हवेत धरून “कोठे शे? कोठे शे?” करत उभा राहतो. तेवढ्यात झाकण खाली पडते आणि त्याच्या आवाजाने गल्ली जागी होते. दुसरी पद्धत, बंबाच्या पोटावर टिचक्या मारणे. जिथवर आवाज बद्द तिथवर पाणी, जिथून खणखणीत तिथून हवा. या परीक्षेत बोटे भाजतात आणि निदान दर वेळी वेगळे निघते. तिसरी पद्धत, तोटीची धार पाहणे. भरलेल्या बंबाची धार जाड असते आणि बादलीत आवाज करत पडते. पाणी उतरत गेले की धार बारीक होते, मग ती तिरपी होऊन तोटीलाच चिकटते, मग दोन थेंब, मग एक फुसका सुस्कारा. धार इथवर आली की माणूस बंबाला मागून तिरपा करतो. बंब तिरपा करून मिळालेले पाणी हे वाटणीत धरत नाहीत. चौथी पद्धत, घरात विचारणे. ही सर्वांत सोपी, सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत चुकीची पद्धत होय.

पाणी टाकायला पाणी असावे लागते, हाही मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. अमळनेर बोरी नदीच्या काठी आहे, आणि बोरी वर्षातला बराच काळ वाळूच्या रूपाने वाहते. गावाची तहान तापीच्या पाण्यावर भागते आणि नळ रोज येत नाही. त्यामुळे नळ आला की हातातले काम टाकून हंडे, कळशा, ड्रम, पातेली, बाळाचा टब आणि प्रेशर कुकर हे सर्व भरून घेतात. या यादीत बंब नसतो. तो अंगणात असतो आणि नळाचा पाइप तिथवर पुरत नाही. पुरत असला तरी तो ऐन वेळी शेजाऱ्याकडे गेलेला असतो. “ड्रममाच पानी नव्हतं” हे पाणी न टाकण्याचे सर्वमान्य कारण आहे. ते निम्म्या वेळा खरे असते, आणि म्हणूनच उरलेल्या निम्म्या वेळा चालते.

पाहुणे आले की व्यवस्था कोलमडते. पाहुण्याला पाणी टाकायला सांगता येत नाही आणि पाहुणा टाकू लागला तर टाकू देता येत नाही. “राहू द्या, राहू द्या, आम्ही टाकतो,” असे म्हणत यजमान त्याच्या हातून तपेली हिसकावतो आणि दारातल्या गप्पांत ती हातातच विसरतो. लग्नघरात तर बंबाभोवती नुसती रांग लागते. वऱ्हाडातली वडीलधारी मंडळी तोटीजवळ खुर्ची टाकून बसतात आणि आपापल्या माणसांना वशिल्याने बादल्या काढून देतात. मुलीकडचे म्हणतात, मुलाकडच्यांनी पाणी संपवले. मुलाकडचे म्हणतात, बंबच लहान आणला. नवरदेव गार पाण्याने आंघोळ करतो आणि मांडवात शहारतो. पाहणाऱ्यांना ती संसाराची धास्ती वाटते.

माणसाचा हा स्वभाव ओळखून कुण्या तांबटाने बंबाचा दुसरा प्रकार घडवला. यात तोटीऐवजी वरच्या बाजूला चोच असते आणि झाकणाजवळ नरसाळे. नरसाळ्यातून ओतलेले थंड पाणी एका नळीने थेट तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या चोचीतून बाहेर पडते. तपेलीभर ओतले तर तपेलीभर मिळते. काहीच ओतले नाही तर काहीच मिळत नाही. उपदेश, संस्कार, दारावर चिकटवलेली चिठ्ठी आणि सासूबाईंचा आवाज यांनी जे साधले नाही ते नरसाळ्याने साधले. या बंबात पाणी टाकल्याशिवाय आंघोळच होत नाही. अर्थात माणसाने त्यावरही तोड काढली आहे. विस्तव नीट लागण्याआधीच पहिला माणूस ओतत सुटतो आणि चोचीतून गारच पाणी बाहेर काढतो. दुसरा बादलीभर पाणी एकदम ओततो, नरसाळे तुंबते, पाणी कडेवरून नळकांड्यात जाते आणि जाळ विझतो. तिसरा येऊन म्हणतो, “बंबच बेकार शे.”

पाणी न टाकल्याचा शेवट कसा होतो, ते आता पाहू. तोटी तळापासून थोडी वर असल्यामुळे धार बंद झाली तरी खाली दोन-तीन लिटर पाणी शिल्लक असते, आणि बंबाची अब्रू त्यावरच टिकते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ सातपट उष्णता त्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. त्यामुळे निष्काळजी घरालाही थोडी सवलत मिळते. पण मक्याची कणसे भरपूर असली आणि त्याच वेळी दारात भाजीवाली आली, तर सवलत संपते. पाणी आहे तोवर तांब्याचा पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी गेले की त्याला आवरणारे कोणी राहत नाही. तांबे स्वतः वितळत नाही, त्याला १०८५ अंश लागतात. धोका असतो तो सांध्यांना दिलेल्या डागांना. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना, आणि दोहोंचे योग्य मिश्रण १८३ अंशांनाच. एकत्र आल्यावर दोघांचाही ताप सोसण्याचा पल्ला कमी होतो. एकत्र कुटुंबाचा अनुभव याला दुजोरा देतो.

डाग सुटल्याचे लगेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बंब भरला जातो, पेटवला जातो, आणि जाळीतून “चर्र” आवाज येतो. पाणी नळकांड्यात झिरपत असते आणि विस्तव विझत असतो. घरातले सगळे बंबाभोवती गोळा होतात. हा आवाज कसला, याची चर्चा होते. लाकडे ओली असतील असे एक मत पडते, आणि ते मांडणारा बहुधा काल शेवटची बादली काढणाराच असतो. मग डाग देणारा शोधायला जातात. पूर्वी तो गल्लोगल्ली हाक देत फिरायचा. आता तो मिळालाच तर बंब उलटा करून पाहतो, मान हलवतो आणि विचारतो, “पानी नव्हतं का यामा?” या प्रश्नाला सगळे घर एका आवाजात उत्तर देते, “व्हतं ना!”

डाग वितळणे हा घरात अपघात असला तरी कारखान्यात ती युक्ती आहे. बाष्पित्रात, म्हणजे बॉयलरमध्ये, पाणी कमी पडल्याने १८०३ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड ट्रेविथिकच्या एका यंत्राचा स्फोट झाला आणि माणसे दगावली. त्यानंतर त्याने बाष्पित्राला शिशाचे बूच बसवायला सुरुवात केली. पाणी उतरले की बूच वितळते, वाफ सुटते आणि आग मंदावते किंवा निदान माणसे सावध होतात. भारतात १९२३ साली बाष्पित्रांचा कायदा झाला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. प्रतापशेठांच्या गिरणीपासून, १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तेल-तुपाच्या उद्योगातून सुरू झालेल्या आणि पुढे विप्रो या नावाने जगभर गेलेल्या कंपनीपर्यंत, गावाचा वाफेशी संबंध जुना आहे. कारखान्यात पाण्याची पातळी दाखवायला काचेची नळी असते, पाणी चढवायला पंप असतो आणि या सर्वांवर लक्ष ठेवायला परीक्षा पास झालेला माणूस असतो. घरगुती बंब कायद्याच्या कक्षेत येत नाही, कारण त्याचे झाकण सैल असते आणि आत वाफेचा दाब साठत नाही. दाब असतो तो सगळा घरातल्या माणसांवर.

परदेशातही चित्र फार निराळे नाही. अमेरिकेच्या थंड भागात, विशेषतः मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनकडे, अंगणात छोट्या खोलीएवढी लाकडाची भट्टी ठेवतात. तिच्याभोवतीच्या टाकीत शेकडो लिटर पाणी तापते आणि जमिनीखालच्या नळ्यांतून घर उबदार करून परत येते. पाणी फिरून तिथेच येत असल्यामुळे ते कोणी बादलीने पळवत नाही. तरीही भट्टी उघड्या नळीने हवेशी जोडलेली असल्याने थोडे थोडे उडून जाते आणि अधूनमधून वरून घालावे लागते. ते कोणी घालायचे, बर्फात बाहेर कोणी जायचे आणि गेल्या वेळी कोण गेले होते, हे प्रश्न तिथेही शिल्लक आहेतच.

देखभालीबद्दल थोडे. विंधन विहिरीच्या जड पाण्याने बंबाच्या आतून पांढरा थर बसतो. पाणी तापले की त्यातले विरघळलेले क्षार चुन्याच्या रूपाने पत्र्याला धरतात. थर जाड झाला की पाणी तापायला उशीर लागतो आणि लाकडे जास्त जळतात. थर काढायला चिंचेचे पाणी किंवा लिंबू घालून रात्रभर ठेवावे. मात्र तसे घरात सर्वांना सांगून ठेवावे. नाहीतर सकाळी पहिली आंघोळ चिंचेच्या पाण्याने होते आणि आप्पांना दिवसभर भेळेची आठवण येत राहते. राख रोज काढावी. ती भांडी घासायला चालते. पेटत्या बंबाच्या नळकांड्यात वरून डोकावू नये. भुवया परत येतात, पण लग्नाच्या फोटोला उशीर होतो.

आता गच्चीवर सोलर आले आहे, बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे आणि कोपऱ्यात पाण्यात बुडवायचा विजेचा रॉड आहे. बंब घासूनपुसून दिवाणखान्यात छत्र्या ठेवायला गेला आहे. त्यामुळे प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी ढगाळ दिवशी सोलरचे गरम पाणी कोणी संपवले, हे घरात विचारून पाहावे. सिलिंडर संपल्याचे पहिल्यांदा कोणाला कळले आणि तो गप्प का राहिला, हेही विचारावे. फ्रिजमधल्या रिकाम्या बाटल्या, संपलेल्या साबणाच्या वडीचा कागद आणि माठाच्या तळाला टेकलेला ओगराळा हे सर्व त्याच बंबाचे वारसदार आहेत. बंबात निदान एक सोय होती: पाणी टाकले नाही तर तो गळायचा आणि सगळ्यांना कळायचे. फ्रिजची रिकामी बाटली मात्र बंद दाराआड कितीही दिवस गप्प राहते.

तेव्हा ज्यांच्या अंगणात अजून बंब पेटतो त्यांनी एवढेच करावे. बादली भरली की ती न्हाणीघराच्या दारात ठेवावी, उलट पावली ड्रमाकडे जावे, तपेलीने पाणी ओतावे, चार पऱ्हाट्या सरकवाव्यात आणि मग आंघोळीला बसावे. थंडी वाजेल, पण मरणार कोणी नाही. आणि पाणी टाकल्यावर “मी टाकं बरं का!” असे चार घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडू नये. जी रोज टाकते ती कधी ओरडत नाही.